बावीस आटे, बारा बाटल्या

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही मुलीची जुनी आहे, मागची पानं कोरी होती म्हणून त्यात लिहिते. कुणाला दाखवायचा विचार नाही. पण तुमच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घाला आणि मी सांगते त्या माणसाकडे बघा.

आमच्या भागात पाणी सोडायला जे मामा यायचे, ते व्हॉल्व्ह उघडायच्या आधी चावीला कान लावायचे. चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी सळई, वर आडवी मूठ. ती रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरवून व्हॉल्व्हवर बसवायची, मुठीवर डोकं टेकवायचं, डोळे मिटायचे आणि ऐकायचं. आम्ही बायका हंडे, बादल्या, पातेली घेऊन दारात उभ्या. आठव्या दिवशी पाणी येणार, सगळ्यांचा जीव नळात अडकलेला, आणि हे गाभाऱ्यात उभे असल्यासारखे शांत. मग डोळे उघडून म्हणायचे, "आलंय. दम धरा." आणि चावी फिरवत आटे मोजायला लागायचे.

तुमच्याकडेही पाणी सोडणारा माणूस असेल. आपण त्याला शिव्या घालतो, त्याची वाट बघतो, पण त्याच्या तोंडाकडे कधी बघत नाही. मीही पाच-सहा वर्षं फक्त त्यांच्या हातांकडेच बघितलं. साठीच्या आसपासचे, सडपातळ, खाकी पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खिशात खडू. गाव पिशोर. बायको तिकडे शेतावर, हे इथे हर्सूलच्या बाजूला टाकीजवळ एका खोलीत. महापालिकेचे नव्हेत, ठेकेदाराचे कामगार. गल्लीत सगळे त्यांना मामा म्हणायचे. नाव मला पुढे दवाखान्याच्या कागदावर कळलं, पण ते इथे लिहीत नाही.

प्रत्येक गल्लीचे आटे त्यांनी ठरवून ठेवले होते. आमच्या गल्लीला बावीस. खालची गल्ली उतारावर, तिथे पाणी आपोआप पळतं म्हणून चौदा. टेकाडावरच्या घरांना व्हॉल्व्ह पूर्ण मोकळा. आकडा खडूने झाकणावर लिहायचे, म्हणजे कुणीही येऊन बघावं. तरी भांडणं व्हायचीच. आमच्या समोरच्या सुलाबाईचा आवाज चौकापर्यंत जातो. ती ओरडायची, "मामा, त्या गल्लीत धो धो, अन् आमच्याकडं थेंब थेंब?" मामा मान वरही करायचे नाहीत. "आटे मोजलेत मी," एवढंच.

चहा मात्र कुणाकडेच घेतला नाही. उन्हाळ्यात घसा कोरडा पडला तरी बाटलीतलं स्वतःचं पाणी. एकदा सुलाबाई कप घेऊन खड्ड्यापर्यंत गेली. मामा म्हणाले, "नको माय. चहा घेतला की हात सैल होतो."

मग एका वर्षी आमच्या लक्षात आलं, मामा दर थोड्या वेळाने चावी तशीच सोडून पडक्या भिंतीच्या मागे जातात. परत येतात, एक गल्ली उरकतात, पुन्हा जातात. सुलाबाईने काही सोडलं नाही. "मामा, आमच्या नळाला आठ दिवसांनी, अन् तुम्हाला दर दहा मिनिटाला?" सगळ्या हसल्या. मामाही हसले, पण कान लाल झाले होते. मी हसले नाही, कारण मला तो रोग ओळखीचा होता.

मी मूत्रविकाराच्या एका खासगी दवाखान्यात मावशी आहे. चादरी बदलायच्या, ट्रे धुवायचे, नमुने लॅबमध्ये पोचवायचे. दिवसभर बाकावर म्हातारे पुरुष बसलेले असतात आणि प्रत्येकाला वाटतं की हे आपल्या एकट्यालाच झालंय. मी कुणाशी बोलत नाही. मुळात मला बोलायला जमत नाही, त्यात ही असली दुखणी.

एक दिवस त्या बाकावर मामा दिसले. मी हातातल्या चादरी तोंडासमोर धरून आत गेले. त्यांनीही भिंतीवरच्या चित्राकडे तोंड फिरवलं. दोघांनी एकमेकांना बघितलं होतं, आणि दोघांनीही बघितलं नाही असं ठरवलं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी गल्ली उरकून मामा माझ्या दाराशी आले. उंबऱ्याबाहेरच उभे. हातात घडी घातलेला कागद.

"माय, तू त्याच दवाखान्यात ना?"

मी मान हलवली.

"एवढं वाच बरं."

कागद इंग्रजीत होता. मला त्यातले फक्त आकडे कळतात. पण आमच्याकडे पीएसए नावाच्या रक्ततपासणीचा आकडा सगळ्यांना पाठ असतो. चारच्या वर गेला की डॉक्टर भुवया चढवतात. मामांचा अकरा होता. एमआरआयही झाला होता, त्यात एक डाग दिसला असं मामाच म्हणाले, आणि खाली डॉक्टरांच्या हाताने एकच शब्द लिहिलेला. तो मी अक्षरं न वाचताही ओळखते, कारण त्या नावाचा ट्रे मी धुते. बायोप्सी.

डॉक्टरांनी मामांना सगळं नीट सांगितलं होतं. आकडा वाढला म्हणजे कॅन्सरच असं नाही, पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी नुसती मोठी झाली, सुजली, तरी वाढतो, तुकडा तपासल्याशिवाय कळणार नाही. ते सगळ्यांनाच सांगतात. पण कॅन्सर हा शब्द एकदा कानात पडला की पुढचं माणसाला ऐकू येत नाही. हे मी रोज बघते.

"पोट फाडतात का?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. सुई असते."

"सुई लागली की गाठ पसरती म्हणं. टाकीवरले समदे हेच सांगतात. पायपाला भोक पाडलं की गळती होती, तसं." मग हळूच म्हणाले, "म्हून मी जाणार नाय. जेवढे दिवस असतील तेवढे असतील."

माझी नजर नळाकडे गेली. आणि नळाकडे बघता बघताच सुचलं. महिन्यातून एकदा मामांबरोबर महापालिकेचा एक माणूस यायचा, आमच्या नळाचं पाणी छोट्या बाटलीत भरून तपासायला न्यायचा.

"मामा, ते बाटली भरून नेतात, तेव्हा टाकी फुटते का?"

मामांनी नाही म्हणून मान हलवली.

"तसंच आहे ते. थोडंसं काढतात. पाणी चांगलं की खराब, एवढंच बघायला."

"कितीक काढतात?"

"बारा. भाताच्या शितापेक्षा बारीक तुकडे. एकेक वेगळ्या बाटलीत."

"बारा कशाला? एकात कळंना का?"

"तुम्ही एकाच नळाचं पाणी बघून सांगता का, सगळी लाइन चांगली आहे म्हणून?"

"छ्या! टाकीजवळचं लई साफ असतं. शेवटच्या घराचं घ्यावं लागतं, मधलं घ्यावं लागतं," असं म्हणून मामा थांबले. मग खिशातून खडू काढला आणि माझ्या ओट्यावर बसून चित्र काढायला लागले. वर टाकी, खाली पाइप, मध्ये व्हॉल्व्ह. "ही मूत्राची पिशवी. हा रस्ता. अन् ही गाठ इथं, व्हॉल्व्हला आवळून बसलेली. व्हय ना?"

"व्हय," मी म्हटलं.

"मग सुई जाती कुठनं?"

आता आली का पंचाईत! मी पदर कानावरून ओढून घेतला. बोटाने चित्राच्या मागची बाजू दाखवली आणि म्हटलं, "मागून."

मामांनी चित्राच्या मागच्या बाजूला खडूने एक रेघ ओढली. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "म्हंजे गल्लीतनं नाय. बोळीतनं."

मला एवढं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला. मामाही हसायला लागले. समोरून सुलाबाई डोकावली आणि आम्ही दोघं गप्प झालो. पण त्या हसण्यात माझी भीड निम्मी गेली. मग मी जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं. आधी लघवी तपासतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगायचं. सकाळी पोट साफ करायचं औषध देतात. जंतू होऊ नयेत म्हणून गोळ्या. बधिर करायचं इंजेक्शन. पंधरा-वीस मिनिटांचं काम. नंतर दोन-चार दिवस लघवीला लाल होतं, घाबरायचं नाही. पण थंडी वाजून ताप आला, किंवा लघवी अडली, तर घरी एक मिनिट बसायचं नाही, सरळ दवाखाना.

"लाल व्हायचंच," मामा म्हणाले. "लाइन उघडून बसवली की पहिलं पाणी गढूळच येतं." आणि प्रत्येक गोष्ट त्यांनी खिशातल्या वहीत आकडा घालून उतरवली.

राहिला पैसा. सरकारी दवाखान्यात थोडक्यात होईल, आधी तिकडे जा, असं मीच सांगितलं. मामा जाऊन आले. तिथे गर्दी मोठी, तारीख दोन महिन्यांनंतरची, आणि आमचे डॉक्टर म्हणाले होते की एवढं थांबू नका. योजनेचं कार्ड होतं, पण काउंटरवर कळलं की ते ऑपरेशनला चालतं, नुसत्या तपासणीला आमच्याकडे चालत नाही.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, बायोप्सीचे नऊ हजार."

मामांनी विचारलं, "धरून की सोडून?"

"काय धरून?"

"समदं. सुईचे, औषधाचे, खाटेचे, त्या बारा बाटल्या तपासायचे."

ठेकेदार पगार सांगतो तेव्हा हे कामगार पहिलं हेच विचारतात, कापायचं ते धरून की सोडून. ती सवय. पण इतक्या वर्षांत त्या काउंटरवर हा प्रश्न कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. मुलगी आत गेली, विचारून आली, कागदावर लिहीत गेली. लॅबचे चार हजार वेगळे. लघवीची तपासणी, गोळ्या, इंजेक्शनचे बाराशे. अर्ध्या दिवसाच्या खाटेचे आठशे. बेरीज पंधरा हजार.

मी फरशी पुसत होते. माझी मान खाली गेली. लॅबचे पैसे वेगळे असतात हे मला पहिल्यापासून माहीत होतं, बाटल्या मीच तर नेते. रिपोर्ट घ्यायला आलेला माणूस ऐन वेळी घरी फोन करून पैशाची जुळवाजुळव करतो, हेही मी कितीदा बघितलं होतं. कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

मामांकडे होते ते साडेसहा हजार एमआरआयला गेले होते. "कापूस येऊ दे मग बघू," म्हणाले. कापसाला चार महिने होते.

त्याच आठवड्यात आमची भिशी निघाली. दहा बायका, दीड दीड हजार. चिठ्ठी माझी आली. मला पाण्याची मोठी टाकी घ्यायची होती, गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. रात्री मी आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "परत देईल का?" मी म्हटलं, "आटे मोजतात ते." ह्यांनी कूस बदलली आणि झोपले. म्हणजे हो.

मामा मात्र ऐकेनात. "तुमच्या गल्लीचा पैसा मला चालत नाय. चहा घेत नाय मी, अन् पंधरा हजार घेऊ?"

"गल्लीचे नकाच समजू. दवाखान्यातल्या बाईचे समजा."

मामा तसेच निघून गेले. दोन दिवसांनी दवाखान्यात आले. "घेतो. पण फेडीन ते इथं, या बाकावर. तिकडं गल्लीत एक रुपया हातात देणार नाय. अन् तुमच्या गल्लीला एक आटा जास्तीचा मिळणार नाय."

"नको," मी म्हटलं.

बायोप्सीच्या दिवशी पिशोरहून मामी आल्या. मामा जेवढे मोजून बोलणारे, तेवढ्या मामी मोकळ्या. खांद्यावर भाकऱ्यांचं गाठोडं. आल्या आल्या मला म्हणाल्या, "तूच का ती बाटलीवाली? बरं केलंस बाई. मी सांगून थकले व्हते."

मामांना आत नेलं. मी पडद्याबाहेर बाटल्यांचा ट्रे घेऊन उभी राहिले, मामी माझ्याशेजारी. आतून पहिला आवाज आला, टक. स्टेपलरसारखा. मामींनी माझं मनगट धरलं. आणि लगेच मामांचा आवाज आला, "एक."

टक. "दोन."

टक. "तीन."

मामी कुजबुजल्या, "बघ. घरात डाळ किती, तांदूळ किती, कधी मोजलं नाय. अन् इथं टोचे मोजतंय म्हातारं."

दहा झाले, अकरा झाले, आणि आवाज थांबला. आतून मामा म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अकराच झाले. एक राह्यला."

डॉक्टर हसले. "मामा, बाटली पुढे घेतोय. पळून नाही जात मी."

टक. "बारा," मामांनी सांगितलं, आणि आत-बाहेर सगळेच हसले. मामी हसता हसता डोळे पुसत होत्या. मी बाराही बाटल्यांची झाकणं घट्ट केली, नंबर लावले आणि लॅबकडे निघाले. असल्या शेकडो बाटल्या मी नेल्यात. त्या दिवशी मात्र ट्रे दोन्ही हातांनी धरला.

रिपोर्ट यायला आठ दिवस होते, आणि इकडे गल्लीत वेगळंच सुरू झालं. पाणी कमी यायला लागलं. पैसे दिल्यानंतरच्या पहिल्या पाण्याला बायकांना वाटलं, टाकीतच कमी असेल. रिपोर्टच्या आदल्या दिवशी पुन्हा पाणी आलं, आणि पुन्हा माझे तीन हंडे रिकामे राहिले. मामांचा चेहरा उतरलेला होता, पण लाल लघवी थांबली होती आणि ताप आला नव्हता, हे मी दवाखान्यात विचारून घेतलं होतं.

सुलाबाई कमरेवर हात ठेवून माझ्या दारात आली. "भिशी उठून पंधरा दिवस होऊन गेले. टाकी कुठंय तुझी?"

मी रिकामा हंडा बाजूला सरकवला.

"मामाला दिली ना? मला समदं कळतं. ओट्यावर बसून चित्र काढत होते दोघं. अगं, पैसे देऊन पाणी वाढवून घेणारे बघितलेत मी. पैसे देऊन कमी करून घेणारी तू पहिलीच!"

मला रडू यायला हवं होतं. पण मनात लख्ख झालं. मी चपला न घालता तशीच खड्ड्याकडे गेले. मामा व्हॉल्व्ह पुन्हा एकदा उघडून बघत होते, बायकांच्या आरडाओरड्यापायी. मी बाजूला उभी राहून मोजलं. अठरा, एकोणीस, वीस. मामांनी चावी काढली. झाकणावर खडूने लिहिलं होतं बावीस.

"मामा," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता. "वीस झालेत."

मामांनी झाकणाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मला वाटलं, हात सैल पडंल," ते हळू म्हणाले. "म्हून आवळून धरला."

"माझ्यापायी बाकीच्यांनी का कमी घ्यायचं? बावीस ते बावीस."

मामांनी चावी पुन्हा खड्ड्यात उतरवली आणि दोन आटे फिरवले, सगळ्यांना दिसतील असे. एकवीस. बावीस. आणि गल्लीकडे तोंड करून म्हणाले, "चूक माझी. दोन पाळ्या दोन आटे कमी पडले. या बाईचे मी पैसे घेतलेत, दुखण्यापायी. तिनं पाणी मागितलं नव्हतं अन् मी देणारबी नाय. आज पंधरा मिनिटं जास्त ठेवतो, मागचं भरून निघंल."

सुलाबाईने विचारलं, "कसलं दुखणं हो मामा?" आणि उत्तर न घेताच तिला काहीतरी उमगलं असावं. तिने माझा रिकामा हंडा उचलून नेला आणि स्वतःच्या नळाला लावला.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून पाकीट मीच आणलं. बंद पाकीट, वर मामांचं नाव. मामा-मामी डॉक्टरांसमोर बसले, मी दाराशी फडकं घेऊन उभी राहिले, एकच फडताळ पुन्हा पुन्हा पुसत.

डॉक्टरांनी वाचलं आणि कागद खाली ठेवला. "मामा, कॅन्सर नाही. ग्रंथी वाढली आहे आणि सूज आहे. गोळ्या घ्यायच्या आणि सहा महिन्यांनी रक्त तपासायचं. ते चुकवायचं नाही."

मामांनी विचारलं, "बाराच्या बारा बघितल्या?"

"बाराच्या बारा."

मामा उठले, दार उघडून बाहेर आले आणि बाकावरच्या सगळ्या अनोळखी माणसांना म्हणाले, "बाराच्या बारा साफ!" अर्ध्यांना काही कळलं नाही, तरी दोघं-तिघं टाळ्या वाजवायला लागले. मामींनी गाठोडं सोडून सगळ्या बाकाला गूळ-शेंगदाणे वाटले. डॉक्टरांनाही मूठभर. मी आत जाऊन बेसिनचा नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडले. ते आनंदाचं रडणं होतं.

त्यानंतर मामा हप्ता द्यायला यायचे. महिन्याला हजार. ठेकेदाराने पगार लांबवला तर पाचशे, पण यायचेच. आल्यावर सरळ मला शोधायचे नाहीत. बाकावर शेवटी बसायचे आणि सरकत सरकत पुढे यायचे. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला कशाला रांग?" तर म्हणाले, "रांग सोडून घेतलेलं पाणी अन् रांग सोडून दिलेला पैसा, दोन्ही मला पटत नाय."

त्या सरकण्यात त्यांचं दुसरं काम सुरू झालं. शेजारी कुणी हातात कागद घेऊन घाबरलेला दिसला की मामा हळूच विचारायचे, "सुई सांगितली का? मला झाली. स्टेपलरवानी टक वाजतं. मोजत राहायचं, बारापर्यंत. दुखण्यापेक्षा लाजच जास्ती." मग खडू काढून बाकाच्या फळीवर टाकी आणि व्हॉल्व्ह. खडू पुसायचं काम माझं. पण कधी कधी मी मुद्दाम दिवसभर ठेवायचे.

एकदा गंगापूरकडचा एक शेतकरी रिपोर्ट घेऊन बाहेर आला, तोंड पांढरंफटक. त्याचा साफ नव्हता. मामा त्याच्याजवळ जाऊन बसले. "माझा चांगला निघाला, म्हून मी तुला शहाणपण सांगणार नाय," म्हणाले. "पण गळती कुठंय ते आता कळलंय. कळलेली गळती बांधता येती. तुझं कार्ड आता चालतं, चल, काउंटरवर विचारू." आणि त्याचा हात धरून घेऊन गेले. तो माणूस अजून येतो तपासायला. अंगाने भरलाय.

मामांनी काउंटरवर काय विचारायचं तेही सगळ्यांना शिकवलं. आठवड्यातून चार-पाच जण त्या मुलीला विचारायला लागले, "धरून की सोडून?" ती वैतागली आणि डॉक्टरांकडे गेली. एक दिवस भिंतीवर मराठीत मोठा फलक लागला. बायोप्सीचा एकच आकडा, आणि खाली लिहिलेलं, की यात लॅब, औषधं, खाट सगळं आलं. मुलगी मामांना म्हणाली, "बघा काका, धरून लिहिलंय. आता तरी सोडा मला." मामांनी तो फलक दोनदा वाचला आणि मिशीत हसले.

पुढे पाण्याचा ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने मामांना शहराच्या दुसऱ्या टोकाला टाकलं, आणि काही महिन्यांनी काम सोडून ते पिशोरलाच गेले. आमच्या गल्लीला आता एक तरुण माणूस येतो, कानात गाणी लावून. चांगला आहे, पण त्याचे आटे कमी-जास्त होतात आणि सुलाबाई त्याला दर पाळीला सांगते, "मामांना विचार जाऊन."

पिशोरला गेल्यावरही हप्ते चुकले नाहीत. शेवटचा द्यायला मामा एसटीने आले. धुतलेलं पांढरं धोतर, डोक्याला नवी टोपी. त्या दिवशी रांग मोठी होती. दीड तास सरकत सरकत ते पुढच्या टोकाला आले, तेव्हा मी हातातली बादली ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी पाचशेच्या दोन नोटा काढल्या, उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि माझ्या हातावर ठेवल्या.

"किती झाले, माय?"

बाकावरचे सगळे बघत होते. पूर्वी मी अशा वेळी पदर ओढून आत पळाले असते.

"पंधरा हजार झाले, मामा. सगळे आले," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

"काय राह्यलं नाय?"

"काही राहिलं नाही."

मामा उठले, टोपी नीट केली, बाकावर शेजारी बसलेल्या माणसाला पुढे सरकायला जागा करून दिली आणि एसटी गाठायला निघून गेले. दोन्ही नोटा मी मुठीत धरल्या होत्या. पंधरा हजार पूर्ण फिटले.